गणपती तोंडावर आणि काळ्या छपाईत पांढऱ्या रेघा: टाकीवाल्या प्रिंटरचं हेड, कॅप आणि वेस्ट पॅड

कौलारू | ५ ऑगस्ट, रात्री ९:१५

नमस्कार मंडळी. गुहागर तालुक्यात आमचं छोटं सेवा केंद्र आहे. सातबारा, आठ-अ, दाखल्यांचे अर्ज, झेरॉक्स आणि सणासुदीला वाडीतली पत्रकं. प्रिंटर टाकीवाला, चार रंगांचा, पिएझो हेडचा (हेड म्हणजे कागदावर शाई उडवणारा भाग). चार वर्षांत ३१ हजारांवर पानं काढली, कधी तक्रार नव्हती.

गेल्या गुरुवारपासून काळ्या अक्षरांतून आडव्या पांढऱ्या रेघा जायला लागल्या. हेड क्लिनिंग दिलं. थोडं सुधारलं, दहा पानांनी पुन्हा तेच. असं करत करत आतापर्यंत सात वेळा क्लिनिंग झालं. नवल असं की नोझल चेकचा, म्हणजे हेडच्या सगळ्या छिद्रांतून शाई येते का ते पायऱ्यांसारख्या रेघांनी दाखवणाऱ्या चाचणी पानाचा, नमुना दर वेळी वेगळा येतो. एकदा काळ्याच्या मधल्या पायऱ्या गायब, पुढच्या वेळी त्या आल्या आणि खालच्या गेल्या. काल गुलाबीही अर्धा गेला. टाक्या अर्ध्याच्या वर भरलेल्या आहेत.

दुरुस्तीवाल्याला फोन केला तर तो न बघताच म्हणाला, हेड गेलं. नवीन हेड म्हणजे प्रिंटरच्या निम्म्या किमतीचा खर्च. २७ तारखेला गणपती आहेत. मंडळाची आठ पानी आरतीची पुस्तिका, ३०० प्रती, मी काढून देते म्हणून शब्द दिलाय. हेड खरंच गेलंय का हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

---

सुरुबन | ५ ऑगस्ट, रात्री ९:५०

ताई, शाई कोणती वापरता? कंपनीची की बाहेरची?

---

कौलारू | ५ ऑगस्ट, रात्री ९:५८

तीन वर्षं कंपनीचीच. मागच्या मे महिन्यात बाहेरची एक काळी बाटली टाकली होती, ती संपून पुन्हा कंपनीची भरली.

---

सर्किटवाला | ५ ऑगस्ट, रात्री १०:३०

ताई, सगळ्यात आधी क्लिनिंग थांबवा. आठवं देऊ नका.

मी रत्नागिरीत बारा वर्षं प्रिंटर दुरुस्त करतो. तुम्ही लिहिलेली एकच गोष्ट माझ्या दृष्टीने महत्त्वाची आहे: नमुना दर वेळी वेगळा येतो. छिद्रात शाई सुकून बसली असेल तर रेघ रोज त्याच जागी तुटते. आज तिसरी पायरी नाही, उद्याही तिसरीच नाही. जळलेलं किंवा फुटलेलं छिद्रही जागा बदलत नाही. तुटलेली जागा फिरत असेल तर शाईच्या वाटेत हवा आहे. हेड बहुतेक शाबूत आहे.

हवा शिरायला चार वाटा असतात. टाकी खालच्या रेषेखाली गेली असताना छापलं, प्रिंटर तिरका उचलला, नळीचा किंवा डॅम्परचा (हेडआधीच्या शाईच्या छोट्या कप्प्याचा) जोड सैल झाला, किंवा हेडला खालून झाकणारी कॅप नीट बसत नाही. पहिल्या दोन तुम्ही आठवून सांगा. चौथी तुम्ही स्वतः तपासू शकता आणि माझा संशय तिथेच आहे, कारण आपल्या किनाऱ्यावर दहातल्या सहा-सात मशीनला मी तेच बघतो.

आज रात्री काहीच करू नका. एप्सनच्या माहितीपुस्तिकेतही लिहिलेलं असतं की नोझल चेक आणि क्लिनिंग तीनदा करून फरक पडला नाही, तर निदान १२ तास न छापता ठेवा आणि मग पुन्हा नोझल चेक घ्या. ढवळलेल्या शाईतले बारीक बुडबुडे तेवढ्या वेळात वर येतात किंवा विरघळतात. लोक मात्र पहिलं झालं की लगेच दुसरं, दुसऱ्यानंतर तिसरं दाबत बसतात, आणि प्रत्येक वेळी शाईला नवा फेस येतो.

---

मालवणी_माणूस | ६ ऑगस्ट, सकाळी ७:१०

गो बाय, तुझ्याकडे लाईट जाता काय वरचेवर? माझ्या दुकानात ह्याच झाला होता. छापता छापता लाईट गेली की हेड मधीच रवता. वर टोपी नाय, मगे शाय सुकता आणि हवा आत जाता. दोन पावसाळे मी हेडाक दोष देत रवलंय. मगे एक यूपीएस घेतलंय, त्येच्यानंतर आजून काय्येक नाय.

---

कौलारू | ६ ऑगस्ट, सकाळी ८:०५

काका, अगदी तसंच. जुलैत तर रोज संध्याकाळी लाईट जाते. २९ जुलैला नागपंचमीच्या रात्री छापताना गेली ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली. प्रिंटर तसाच उघडा राहिला. दुसऱ्या दिवसानंतरच रेघा सुरू झाल्या, हे आत्ता तुम्ही विचारल्यावर लक्षात आलं.

सर्किटवाला दादा, टाकी खालच्या रेषेखाली कधीच गेली नाही. पण मे महिन्यात भिंतीला रंग दिला तेव्हा भावाने प्रिंटर आडवा धरून आत नेला होता.

---

शाळामास्तर | ६ ऑगस्ट, सकाळी ११:४०

हवेचा बुडबुडा एवढा त्रास का देतो, हे समजलं तर पुढचे उपाय आपोआप पटतील, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

टाकीवाल्या प्रिंटरची हेडं दोन जातींची. कॅनन आणि एचपी यांच्या घरगुती प्रिंटरमध्ये उष्णतेवर चालणारी, एप्सन आणि ब्रदर यांच्यात पिएझो. उष्णतेच्या जातीत छिद्रामागे केसाहून बारीक तापक असतो. तो क्षणभर तापला की शाईत वाफेचा बुडबुडा होतो आणि तो थेंब बाहेर ढकलतो. १९७७ साली कॅननच्या प्रयोगशाळेत तापलेली सोल्डरिंग इस्त्री चुकून शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला लागली, सुईतून शाई उडाली, आणि त्यावरून ही कल्पना सुचली. या जातीत शाई हेच तापकाला थंड ठेवणारं साधन आहे. शाई नसताना छापत राहिलं तर तापक जळतो आणि ते छिद्र कायमचं जातं.

पिएझो जातीत तापवणं नाही. वीज दिली की किंचित वाकणारा स्फटिकासारखा पदार्थ शाईच्या कप्प्याला धक्का देतो. शाई दबत नाही, म्हणून तो धक्का जसाच्या तसा छिद्राकडे जातो आणि थेंब उडतो. एप्सनच्या एल ३११० सारख्या साध्या मॉडेलला काळ्याची १८० छिद्रं आणि इतर प्रत्येक रंगाची ५९. लहानात लहान थेंब ३ पिकोलिटरचा, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये असे तेहतीस कोटींवर थेंब मावतील. आता त्या कप्प्यात मोहरीच्या अंशाएवढा हवेचा फुगा आला की धक्का तो फुगाच गिळतो. हवा दबते, शाई जागची हलत नाही. क्लिनिंग दिलं की फुगा इकडून तिकडे सरकतो, आणि तुटलेली पायरीही सरकते.

कौलारू ताईंच्या नमुन्यात दिसतंय ते हेच.

---

सुरुबन | ६ ऑगस्ट, दुपारी १:२०

मास्तर, हे कुणी इतकं उलगडून सांगितलं नव्हतं. माझ्या दापोलीच्या दुकानातली आठवण लिहितो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा मंडणगड-दापोलीत खांबच्या खांब पडले. आमच्याकडे कित्येक दिवस वीज नव्हती. वादळाच्या सकाळी मी एक यादी छापत होतो, लाईट गेली, शटर ओढून घरी पळालो. प्रिंटरचं हेड मधोमध, उघडं. तीन आठवड्यांनी बघितलं तर चारही रंग बंद. तेव्हा वाटलं, ओल लागली. आता कळतंय की ओलीने नव्हे, उघडं राहिल्याने गेलं.

---

सर्किटवाला | ६ ऑगस्ट, रात्री ९:४५

सुरुबन, बरोबर. आपल्या हवेविषयी एक गैरसमज आहे की दमट हवेत शाई सुकत नाही. पावसाळ्यात ती हळू सुकते हे खरं. पण पंखा चालू असतो, एसीची खोली असते, आणि मार्च ते मे आपल्याकडचे पत्रे कसे तापतात हे सांगायला नको.

ताई, आता कॅपकडे. प्रिंटर बंद असतो तेव्हा हेड उजव्या टोकाला उभं असतं. तिथे खाली रबरी ओठाची एक वाटी असते, तिला आम्ही कॅपिंग म्हणतो. ती हेडला खालून चिकटून बसते. तिच्या बाजूला रबराची पट्टी, तो वायपर. वाटीखाली बारीक नळी आणि तिला पिळणारा पंप. क्लिनिंग म्हणजे वाटी हेडला घट्ट लावून पंपाने खालून शाई ओढणं. वाटीच्या ओठावर सुकलेली शाई किंवा कापसाचा धागा असेल तर वाटी घट्ट बसत नाही. मग पंप शाई ओढण्याऐवजी बाजूची हवा ओढतो, आणि तुम्ही हेड साफ करताय असं समजून हवा भरत राहता. सात क्लिनिंगनंतर नमुना बिघडत गेला त्याचं कारण बहुतेक हेच.

तपासायची रीत: छापायला एक पान द्या, हेड डावीकडे सरकलं की मागची वायर काढा. हेडला आता हलक्या हाताने डावीकडे नेता येतं. उजवीकडे वाटी दिसेल. टॉर्च मारून बघा. ओठावर काळा चिखल असेल. डिस्टिल्ड पाणी घ्या, गॅरेजला बॅटरीत टाकायचं मिळतं ते. ॲसिड नव्हे, बाटलीवर नाव वाचून घ्या. विहिरीचं किंवा बोअरचं नको, आपल्या जांभ्याच्या पाण्यातले क्षार छिद्रात बसतात. थिनर, ॲसिटोन, नेलपॉलिश काढायचं पाणी बिलकुल नको, रबर फुगतं. कानात घालायच्या कापसाच्या काडीला धागे सुटतात, म्हणून चष्मा पुसायचं जुनं कापड काडीला गुंडाळा, पाण्याने ओलं करा आणि ओठ चारी बाजूंनी पुसा. तीन-चार वेळा, कापड बदलत. वायपरही तसाच, दोन्ही बाजूंनी.

मग वाटीत डिस्टिल्ड पाण्याचे आठ-दहा थेंब सोडा, हेड परत उजवीकडे न्या, वायर लावा, चालू करा आणि एकच क्लिनिंग द्या. पुन्हा तसंच हेड सरकवून बघा. वाटीतलं पाणी गेलं असेल तर पंप ओढतोय. पाणी तसंच असेल तर खालची नळी बुजलीय किंवा पंप गेलाय. ते असेल तर मला सांगा, मग वेगळं बोलू.

---

हर्णैबंदर | ७ ऑगस्ट, सकाळी १०:०५

मी तर सिरिंजने हेडवरून सरळ क्लिनर मारतो. दहा मिनिटांत मोकळं होतं. एवढं पुसत बसायची गरज काय?

---

सर्किटवाला | ७ ऑगस्ट, दुपारी २:३०

हर्णैबंदर, सिरिंज मीही वापरतो, पण छिद्रं खरोखर सुकलेली असतील तेव्हा आणि दाब जवळजवळ न देता. सिरिंजच्या नळीतून पाणी आपल्या वजनाने उतरलं पाहिजे. अंगठ्याने जोर दिला की आतल्या पापुद्र्यासारख्या थरांना भेग जाते आणि एका रंगाची शाई दुसऱ्यात मिसळते. पिवळा छापला की हिरवट येतो, ते हेड मग कुणीच वाचवू शकत नाही. माझ्याकडे येणाऱ्या मेलेल्या हेडांत असं जोराने मारलेली बरीच असतात. ताईंच्या हेडमध्ये शाई सुकलेलीच नाही, तर जोर कशावर करायचा?

कॅनन जी-मालिका किंवा एचपीच्या टाकीवाल्या प्रिंटरची हेडं काढून हातात घेता येतात. त्यांचं तोंड कोमट डिस्टिल्ड पाण्याने ओलवलेल्या कापडावर पाच-दहा मिनिटं टेकवून ठेवलं तरी पुष्कळदा मोकळी होतात. आणि तरीही नाही झाली तर नवीन मिळतात, घरी बसवता येतात. पिएझोवाल्यात हेड काढणं म्हणजे अर्धा प्रिंटर उघडणं, म्हणून तिथे धीर जास्त हवा.

---

कौलारू | ७ ऑगस्ट, रात्री १०:२०

दादा, वाटी बघितली. ओठाच्या मागच्या कडेवर सुकलेल्या शाईचा जाड थर होता, आणि त्यात एक केस अडकलेला. माझ्या लेकीचा असेल, ती शेजारी बसून अभ्यास करते. कापडाचे सहा तुकडे काळे झाले तेव्हा खालचं करडं रबर दिसलं. पाणी टाकून क्लिनिंग दिलं, पाणी गेलं. पंप चालतोय!

नोझल चेकमध्ये गुलाबी पूर्ण आला. काळ्यात अजून दोन ठिकाणी तुटक आहे, पण चार दिवसांत पहिल्यांदा चित्र बरं दिसलं. आता १२ तास तसाच ठेवते.

---

देवगडकडून | ८ ऑगस्ट, सकाळी ९:००

शुभ नारळीपौर्णिमा सगळ्यांना. ताई, काम मार्गी लागतंय हे वाचून बरं वाटलं.

मी आंब्याच्या पेट्यांची लेबलं छापतो, मार्च ते मे. शाईच्या बाबतीत एक सांगतो. डाय शाई म्हणजे पाण्यात विरघळलेला रंग, पिगमेंट म्हणजे पाण्यात तरंगणारी बारीक भुकटी. एकाच ब्रँडच्या वेगवेगळ्या मॉडेलांतही हे बदलतं. कॅननच्या जी-मालिकेतल्या बहुतेक मॉडेलांत काळी पिगमेंट आणि रंगीत डाय असते, एप्सनच्या ००३ बाटल्या चारही डाय. हापूस २०१८ ला भौगोलिक मानांकनात आला तेव्हापासून आम्ही लेबलावर बागेचं नाव आणि क्यूआर कोड छापतो. पहिल्या वर्षी डाय शाईने छापले, पेट्या पहाटेच्या दवात गाडीवर चढल्या आणि मुंबईत पोचेपर्यंत कोड पसरून वाचेनासे झाले. आता काळं फक्त पिगमेंटवर छापतो, आणि वरून पारदर्शक टेप.

सातबारा, दाखले काढणाऱ्यांनी याचा विचार करावा. माणूस पावसात छत्री सांभाळत तहसीलला जातो, पिशवी गळते आणि कागदावरचं गट नंबर धुऊन जातं. मात्र डायवाल्या प्रिंटरमध्ये पिगमेंट शाई ओतू नका, दोन्ही मिसळली की गुठळ्या होतात. प्रिंटर घेतानाच बघून घ्यायची गोष्ट आहे.

---

सुरुबन | ८ ऑगस्ट, सकाळी ११:३०

बाहेरच्या शाईबद्दल माझं मत: सगळीच वाईट नसते. पण बाटलीवर मॉडेल आणि डाय की पिगमेंट हे स्पष्ट नसेल तर घेऊ नये. हिशेब केला तर कंपनीची ६५ मिलीची काळी बाटली कंपनीच्या दाव्यानुसार साधारण ४,५०० पानं देते. म्हणजे एका पानाला ०.०१५ मिलीसुद्धा लागत नाही. बचत करून पानामागे वाचतात ते दोन-चार पैसे, आणि पणाला लागतं हेड.

---

हर्णैबंदर | ८ ऑगस्ट, दुपारी १२:१५

दिवसाला हजार पानं छापणाऱ्याला तेच पैसे महिन्याला मोठे होतात, सुरुबन. मी पाच वर्षं एकाच विक्रेत्याची एकच शाई वापरतोय, मिसळत नाही, त्रास नाही. रोज चालणाऱ्या मशीनला शाई बसायला वेळच मिळत नाही. सिरिंजबद्दल मात्र सर्किटवाल्यांचं पटलं, पुढच्या वेळी जोर करणार नाही.

---

कौलारू | ९ ऑगस्ट, दुपारी ४:४०

काळ्याची एक जागा अजून तुटत होती, म्हणून आज पॉवर क्लिनिंग, म्हणजे जास्त जोराचं क्लिनिंग, दिलं. टाक्या एक तृतीयांशाच्या वर असल्या पाहिजेत हे वाचून मगच दिलं. नमुना पूर्ण आला! चारही रंग, एकही पायरी तुटलेली नाही. मी आनंदाने भावाला हाक मारली, आणि तेवढ्यात दोन लाल दिवे आळीपाळीने लुकलुकायला लागले. संगणकावर संदेश: इंक पॅडची मुदत संपली आहे. आता छापतच नाही. हे काय नवीन?

---

मालवणी_माणूस | ९ ऑगस्ट, संध्याकाळी ५:१५

भियां नको गो. मशीन बिघडूक नाय. धुतलेली शाय खय जाता, तेचो डबो भरलो इतक्याच.

---

सर्किटवाला | ९ ऑगस्ट, रात्री ८:५०

काका म्हणाले तेच. क्लिनिंगमध्ये ओढलेली शाई वाटीखालच्या नळीतून मशीनच्या तळाशी असलेल्या जाड पॅडमध्ये जिरते. प्रिंटरला पॅड किती भरलं ते दिसत नाही, तो फक्त मोजतो. प्रत्येक क्लिनिंगचे इतके गुण, पॉवर क्लिनिंगचे बरेच जास्त. बेरीज ठरलेल्या आकड्याला पोचली की शाई टेबलावर सांडू नये म्हणून तो स्वतःला थांबवतो. कॅननमध्ये याच गोष्टीला ५बी०० ही चूक दाखवतात. नवीन काही मॉडेलांत ग्राहकाला स्वतः बदलता येईल अशी मेंटेनन्सची पेटी देतात, तुमच्या वेळच्या मशीनला ती नाही.

चार वर्षांचं मशीन, ३१ हजार पानं, वर आठ-नऊ क्लिनिंग. पॅड भरायचंच होतं, तुमच्या क्लिनिंगनी ते थोडं अलीकडे आणलं.

आता दोन कामं आहेत आणि दोन्ही करायची. पॅड बदलणं आणि मोजणी शून्यावर आणणं. नुसती मोजणी शून्य करून देणारे पुष्कळ आहेत. पॅड तेच, भरलेलं.

---

शाळामास्तर | १० ऑगस्ट, सकाळी ८:२५

याचा अनुभव मी घेतलाय. आमच्या शाळेच्या प्रिंटरचं कुणीतरी फक्त रिसेट करून दिलं. पाच महिन्यांनी मे महिन्याच्या सुट्टीत ऑफिस बंद होतं, जूनमध्ये उघडलं तर प्रिंटरखालून काळी धार कपाटात उतरलेली. खालच्या खणात जुन्या विद्यार्थ्यांची दाखल्यांची नोंदवही होती. तिची चौदा पानं भिजली. त्या नोंदी आजही आम्ही इतर कागदांवरून जुळवतोय. माणसं जन्मतारखेसाठी येतात आणि त्यांना थांबा म्हणावं लागतं. पॅड बदलल्याशिवाय रिसेट करू नका, कृपा करून.

---

सर्किटवाला | १० ऑगस्ट, सकाळी १०:१०

ताई, तुमच्या मॉडेलचं पॅड मागच्या बाजूला एका लहान झाकणाखाली आहे, एक स्क्रू काढला की डबी बाहेर येते. जुनं पॅड धुऊन वापरणारे असतात, पण श्रावणात ते वाळायला आठवडा लागेल आणि धुतलेली शाई विहिरीच्या पाण्यात जाऊ नये. नवीन पॅड घ्या, महाग नाही. जुनं जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून टाका. बदलताना हातमोजे आणि खाली वर्तमानपत्राचे चार थर.

मोजणी शून्य करायचा प्रोग्राम नेटवर फुकट म्हणून जिथे तिथे मिळतो. तुमच्या त्या संगणकावर लोकांची आधारची कामं चालतात. तिथे अनोळखी फाइल चालवू नका. रत्नागिरीत कुणाचा हात असेल तर प्रिंटर पाठवा, मी दोन्ही करून देतो. पाठवताना टाक्यांची झाकणं घट्ट, हेड उजव्या टोकाला चिकटपट्टीने बांधलेलं, आणि खोका पूर्ण वेळ सपाट. एसटीच्या टपावर नको, मांडीवर.

---

कौलारू | १० ऑगस्ट, दुपारी ३:००

भाऊ मंगळवारी रत्नागिरीला जातोच आहे. या वेळी आडवा धरणार नाही म्हणालाय.

---

चाकरमानी_डोंबिवली | ११ ऑगस्ट, रात्री ११:१०

सगळा धागा वाचला. माझा प्रश्न थोडा वेगळा. गावच्या घरी, राजापूरजवळ, मी एक टाकीवाला प्रिंटर ठेवलाय, आई-बाबांच्या औषधांच्या चिठ्ठ्या, बिलं यासाठी. पण ते दोघं वापरत नाहीत. शिमग्याला मी जातो तेव्हा चालतो, गणपतीला जातो तेव्हा बंद. दर वर्षी दुरुस्ती. काय करू?

---

सर्किटवाला | १२ ऑगस्ट, सकाळी ९:३५

शिमगा ते गणपती म्हणजे पाच-सहा महिने. इतका काळ कुठलीच वाटी शाई ओली ठेवू शकत नाही. दर आठ दिवसांनी एक पान निघालं पाहिजे. त्या पानावर काळा, निळा, गुलाबी, पिवळा या चारही रंगांच्या दोन बोटं रुंद पट्ट्या हव्यात. नुसतं काळं पत्र छापून रंगांची छिद्रं चालत नाहीत. गावी संगणक चालू राहत असेल तर विंडोजच्या टास्क शेड्युलरला ते पान दर रविवारी छापायला लावता येतं. नाहीतर शेजारच्या एखाद्या शाळकरी मुलाला शिकवा.

आणि बंद करताना प्रिंटरच्याच बटणाने. बोर्डाचं बटण दाबलं की हेड जिथे असेल तिथे राहतं. रोज बोर्डावरून चालू-बंद केलं तर आणखी एक होतं: पुष्कळ मशीन चालू होताना स्वतःहून थोडं क्लिनिंग करतात, ती शाई पॅडमध्येच जाते.

जाणाऱ्या लाईटसाठी काका म्हणाले तो यूपीएस सगळ्यात चांगला. असा प्रिंटर छापताना १०-२० वॉटच घेतो, साध्या ६०० व्हीएच्या यूपीएसवर संगणकासोबत आरामात चालतो. लेझर प्रिंटर मात्र त्याच्यावर लावू नका, तो तापताना कित्येक शे वॉट ओढतो. यूपीएस नसेल आणि छापताना लाईट गेली, तर मागची वायर काढून, झाकण उघडून हेड हलक्या हाताने उजव्या टोकापर्यंत न्या. घरगुती मॉडेलांत बहुधा हेड टोकाला गेलं की वाटी आपोआप वर येते. अडकलं तर जोर करू नका, कागद आत असेल तो आधी काढा.

---

देवगडकडून | १२ ऑगस्ट, दुपारी १:००

कागदाचंही सांगा कुणीतरी. माझ्याकडे एकदा शाई पसरत होती, मी हेड साफ करत बसलो, आणि दोष कागदाचा निघाला. रीम उघडून टेबलावर ठेवली की आपल्याकडे दोन दिवसांत कागद पाणी पितो. हात लावला तर पापडासारखा वाजत नाही. अशा कागदावर अक्षराच्या कडांना पिसं फुटतात. आता उघडलेली रीम मी पोह्यांच्या मोठ्या पत्र्याच्या डब्यात घट्ट झाकणाखाली ठेवतो, हवी तेवढीच पानं ट्रेमध्ये.

---

सर्किटवाला | १२ ऑगस्ट, रात्री ९:२०

बरोबर. आणि समुद्राच्या अगदी जवळ असणाऱ्यांनी हेडच्या मागची पारदर्शक पट्टीही वर्षातून एकदा बघावी. तिच्यावर डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक रेषा असतात, त्या मोजून हेडला आपली जागा कळते. खारी ओल आणि शाईचे तुषार बसले की हेड कडेला आपटतं. कोरड्या मऊ कापडाने एकाच दिशेने पुसायची. स्पिरिट नको, रेषा पुसल्या जातात.

कौलारू ताईंचा प्रिंटर आज आला. पॅड शाईने जड झालं होतं, पण तळाशी एक थेंबही सांडलेला नाही. मशीन वेळेत थांबलं. पॅड नवीन घातलं, मोजणी शून्य केली. नोझल चेक पूर्ण आहे. भाऊ उद्या नेतोय.

---

कौलारू | १६ ऑगस्ट, रात्री १०:४५

मंडळी, काल १५ ऑगस्टची सुट्टी धरून बसले आणि पुस्तिकेच्या १८० प्रती काढल्या. एकही रेघ नाही. मुखपृष्ठावर गणपतीचं चित्र आहे, त्याचं पितांबर पिवळंधमक आलंय. मंडळाच्या अध्यक्षांनी दुकानात उभं राहून पहिली प्रत उघडून आरती म्हटली.

आज १८१ व्या प्रतीच्या मध्यात लाईट गेली. यूपीएस सोमवारी येणार आहे. लेकीने टॉर्च धरला, मी वायर काढली, आत अडकलेलं पान हळूच ओढलं आणि हेड उजवीकडे नेलं. टोकाला पोचल्यावर बारीक टक् असा आवाज आला. झाकण लावून आम्ही दोघी घरी आलो.